सभासदत्वाची अट आणि विवेकाचे स्वातंत्र्य : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बाप्टिस्ट, म्हणजे तान्ह्या बाळांना नव्हे तर स्वतः विश्वास ठेवणाऱ्यांनाच बाप्तिस्मा देणारे ख्रिस्ती. त्यांच्या मंडळ्यांच्या (स्थानिक चर्चच्या) सभासदत्वावर मी लिहिले होते, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमच्या आईचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, जाणतेपणी तिने दृढीकरण घेतले (म्हणजे तो विश्वास स्वतः जाहीरपणे कबूल केला) आणि आयुष्यभर ती विश्वासात राहिली. आता ती एका बाप्टिस्ट मंडळीत नेमाने उपासनेला जाते, पण पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेतल्याशिवाय सभासद होता येणार नाही असे तिला सांगण्यात आले. "विवेकस्वातंत्र्याचे गोडवे गाणारे लोक एका म्हाताऱ्या बाईच्या विवेकाला कवडीची किंमत देत नाहीत," असे तुम्ही लिहिता. जरा मतभेद झाला की वेगळी चूल मांडणाऱ्यांनी दुसऱ्यांना शास्त्र शिकवू नये, असाही टोला हाणता.

तुमच्या आईला जे दुःख झाले ते खरे आहे आणि मी ते हलके मानत नाही. पण आरोप मला मान्य नाही.

सुरुवातीच्या इंग्रज बाप्टिस्टांपैकी एक, टॉमस हेल्विस याने १६१२ साली इंग्लंडच्या राजाला उद्देशून लिहिले, की राजा मर्त्य माणूस आहे, देव नव्हे, आणि प्रजेच्या आत्म्यांवर त्याची सत्ता चालत नाही. ही मोकळीक त्याने फक्त आपल्या माणसांसाठी मागितली नाही. पाखंडी असो, तुर्क (म्हणजे मुसलमान) असो, यहुदी असो, धर्मावरून कुणालाही शिक्षा करणे हे राजसत्तेचे काम नव्हे, असे त्याचे म्हणणे होते. त्याची रवानगी लंडनच्या न्यूगेट तुरुंगात झाली. पुढे १६५१ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनला ओबादाया होम्स या बाप्टिस्टाच्या पाठीवर ३० फटके ओढले गेले. त्याचा गुन्हा काय, तर एका अंध वृद्धाच्या घरी बाप्टिस्ट पद्धतीने उपासना केली. बाप्टिस्टांनी विवेकस्वातंत्र्य मागितले ते या जुलमापासून. तुमच्या आईला कुणी उपासनेपासून रोखलेले नाही, बाप्तिस्म्याची सक्ती केलेली नाही, ख्रिस्ती म्हणून नाकारलेले नाही. आणि विवेक जसा व्यक्तीला असतो तसा मंडळीलाही असतो. जो बाप्तिस्मा शास्त्राप्रमाणे झाला असे मंडळीला मनापासून वाटत नाही, तो झाला असे तिने नोंदवहीत कसे लिहावे?

बाप्टिस्ट मंडळीत सभासद होणे म्हणजे नक्की काय, हे बाहेरून पटकन कळत नाही. इथे वरून पाळक नेमणारा बिशप नसतो. पाळक कोण, पैसा कुठे खर्चायचा, कुणाचा बाप्तिस्मा करायचा, कुणाला शिस्त लावायची, हे सगळे सभासद बैठकीत ठरवतात. नवा माणूस आधी पाळकांना भेटतो, आपली साक्ष, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ते, सांगतो. बहुतेक ठिकाणी एकदोन सभासद त्याच्याशी सविस्तर बोलून बैठकीत आपले मत मांडतात. मग त्याला थोडा वेळ बाहेर बसायला सांगतात, हात वर होतात, त्याला आत बोलावतात आणि पुढच्या प्रभुभोजनाच्या (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीच्या) वेळी पाळक सगळ्यांसमोर उजवा हात देऊन त्याचे स्वागत करतात. पुष्कळ मंडळ्यांत तेव्हा कराराचे वाचनही होते: एकमेकांसाठी प्रार्थना करू, चुकलेल्याला सांभाळून घेऊ, कुणी आपल्याला टोकले तर ऐकून घेऊ. म्हणजे सभासदत्व हे तारणाचे प्रमाणपत्र नाही. ती परस्परांना दिलेली वचने आहेत आणि सोबत मताचा अधिकारही आहे. शिशुबाप्तिस्मा योग्य मानणारे सभासद उद्या बहुमतात आले तर मंडळी बाप्टिस्ट उरणार नाही, कारण ते ठरवणारे दुसरे कुणी नाहीच.

तरीही तुमच्या बाजूने बोलणारा एक मोठा बाप्टिस्ट आहे, हे तुम्हाला ठाऊक असावे. बेडफर्डच्या मंडळीचा पाळक जॉन बनियन १२ वर्षांची कैद भोगून १६७२ मध्ये सुटला. पुढच्याच वर्षी त्याने लिहिले की पाण्याच्या बाप्तिस्म्याबद्दलचा मतभेद सहभागितेच्या आड येऊ नये. ज्याला देवाने स्वीकारले त्याला तुम्ही नाकारणारे कोण, हा रोमकरांस पत्राच्या १४व्या अध्यायातला धागा त्याने धरला. लंडनचा बाप्टिस्ट पाळक विल्यम किफिन त्याच्या विरोधात उभा राहिला. त्याने १६८१ मध्ये सविस्तर उत्तर दिले, त्याचा गाभा असा: बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात लोकांनी वचन स्वीकारले, मग बाप्तिस्मा घेतला, मग ते सहभागितेत आणि भाकर मोडण्यात राहिले. हा क्रम बदलण्याचा अधिकार मंडळीला नाही.

सभासदत्वाच्या प्रश्नात मी किफिनच्या बाजूचा आहे. प्रभुभोजनाच्या मेजाशी मात्र मला बनियनच बरोबर वाटतो. ते मेज प्रभूचे आहे आणि तिथे मतदान नसते. १९व्या शतकातला प्रसिद्ध बाप्टिस्ट उपदेशक स्पर्जन याच्या लंडनमधल्या मंडळीत हेच धोरण होते: मेज सर्व विश्वासणाऱ्यांना खुले, सभासदत्व मात्र स्वतःच्या विश्वासाने बाप्तिस्मा घेतलेल्यांना. तुमच्या आईला भाकर आणि प्यालाही नाकारला गेला असेल, तर ते मला बिलकूल पटत नाही.

पाणी किती, यावर मी फार ताणणार नाही. १६०९ मध्ये ॲमस्टरडॅमला सुरुवातीच्या बाप्टिस्टांपैकी एक, जॉन स्मिथ याने स्वतःला आणि मग सोबत्यांना बाप्तिस्मा दिला, तो बहुधा पाणी ओतूनच. बुडवून बाप्तिस्मा इंग्लंडमधल्या बाप्टिस्टांत रुजला १६४० नंतर, आणि १६४४ च्या लंडन विश्वासकबुलीत तो लिहिला गेला. बुडवणे हेच योग्य असे मी मानतो. पण एखाद्याची प्रकृती साथ देत नसेल आणि पाळकांनी डोक्यावर पाणी ओतले, तर मी हरकत घेणार नाही. माझा आग्रह आहे तो विश्वास आधी आणि बाप्तिस्मा नंतर, यावर.

आता फुटीबद्दल. ख्रिस्त सर्वांसाठी मेला की निवडलेल्यांसाठी, यावरून १७व्या शतकातच बाप्टिस्टांचे दोन प्रवाह झाले, हे खरे. १८८७ मध्ये स्पर्जन बाप्टिस्ट युनियन या ब्रिटिश बाप्टिस्ट मंडळ्यांच्या संघातून बाहेर पडला, हेही खरे. पण वेगळे होणे कसे होते तेही पाहा. २०२३ मध्ये सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन या अमेरिकेतल्या बाप्टिस्ट मंडळ्यांच्या संघाने स्त्री पाळकाच्या प्रश्नावरून कॅलिफोर्नियाच्या सॅडलबॅक मंडळीशी सहकार्य थांबवले. इमारत मंडळीकडेच राहिली, पाळक तेच राहिले. कन्व्हेन्शनला ते हिरावून घेता येत नाही, कारण ते कन्व्हेन्शनचे कधीच नव्हते.

मंडळ्यांच्या या स्वायत्ततेची काळी बाजूही आहे, आणि तुम्ही तिथे बोट ठेवले असते तर मी निमूट ऐकले असते. सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन १८४५ मध्ये गुलाम बाळगणाऱ्यांच्या बाजूने वेगळे झाले आणि त्याची जाहीर माफी मागायला १९९५ उजाडले. लैंगिक अत्याचार सोसलेल्यांना त्याच्या कार्यकारिणीतल्या वरिष्ठांनी वर्षानुवर्षे दाद दिली नाही, हे २०२२ च्या स्वतंत्र चौकशी अहवालात पुढे आले. "प्रत्येक मंडळी स्वायत्त आहे, आम्ही काय करणार" ही सबब तेव्हा वारंवार पुढे केली गेली. स्वायत्ततेमागे लपून दुबळ्यांना वाऱ्यावर सोडणे हे पाप आहे. बाप्तिस्म्याच्या अटीपेक्षा मला त्याची लाज कितीतरी जास्त वाटते.

तुमच्या आईपुरते सांगायचे तर त्यांनी पाळकांकडे मंडळीची घटना मागावी आणि प्रभुभोजन व सहयोगी सभासदत्वाबद्दल त्यात काय लिहिले आहे ते पाहावे. काही मंडळ्यांत अशी सोय असते: मताचा अधिकार नाही, पण पाळकांची देखरेख, भेटी आणि आजारपणातली सोबत सभासदासारखीच. ती नसेल आणि आईचे मन बाप्तिस्म्याला तयार नसेल, तर त्यांनी विवेकाविरुद्ध पाण्यात उतरू नये. असा बाप्तिस्मा कुठल्याही प्रामाणिक बाप्टिस्ट पाळकाला नको असतो. बनियनच्या वाटेने चालणाऱ्या, सभासदत्व खुले ठेवणाऱ्या मंडळ्याही आहेत, ब्रिटनमध्ये तर पुष्कळ, आणि माझे त्यांच्याशी पटत नसले तरी त्याही बाप्टिस्टच आहेत.