आहेर नको, देणगी द्या. पण कोणाच्या खात्यात?

उत्तरकार्याच्या निरोपात हल्ली एक ओळ हमखास असते : 'हार, टॉवेल-टोपी, आहेर आणू नये. इच्छा असल्यास अमुक संस्थेला देणगी द्यावी.' ओळ चांगलीच आहे. पण खालचा क्यूआर कोड बहुतेकदा थोरल्या मुलाचा नाहीतर पुतण्याचा असतो. 'जमले की एकरकमी देऊ.' घोळ इथूनच सुरू होतो.

एकरकमी दिले की पावती एकाच्याच नावाने फाटते. ज्यांनी खरे पैसे दिले त्यांना देणगीवरची, '८०जी' म्हणून ओळखली जाणारी आयकर सवलत मिळत नाही (नव्या करप्रणालीत ती नाहीच, पण जुनी धरून बसलेले बरेच आहेत). नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५० हजारांहून जास्त खात्यात आले तर ते उत्पन्न धरले जाऊ शकते, मग खुलासे करत बसा. शिवाय महाराष्ट्रात नोंदणीकृत न्यास नसताना धर्मादाय कामासाठी वर्गणी जमवायला धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते. गणपती मंडळे दरवर्षी काढतात तीच, सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ सीची.

म्हणून पैसा घरच्यांच्या हातून जाऊच नये. निरोप पाठवायच्या आधी संस्थेला फोन करा आणि तिचाच क्यूआर आणि खाते क्रमांक मागवा. एक रुपया पाठवून नाव कोणाचे दिसते ते बघा. धनादेशावर न्यासाचे नाव लागते, प्रकल्पाचे नव्हे. आनंदवनाला द्यायचे तर 'महारोगी सेवा समिती, वरोरा'. ऑनलाइन देणाऱ्यांना शेऱ्यात दिवंगताचे नाव लिहायला सांगा, नाहीतर कोणती रक्कम कोणाच्या स्मरणार्थ आली हे संस्थेला कळणार कसे?

तेराव्याला रोख देणारी वडीलधारी मंडळी असतातच. नुसती पेटी ठेवू नका. निनावी देणग्या ठरावीक मर्यादेपुढे गेल्या तर संस्थेलाच त्यावर ३० टक्के कर बसतो. पाकिटे ठेवा आणि प्रत्येकावर नाव, पत्ता, मोबाइल, पॅन, रक्कम अशा पाच ओळी छापा. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही, हे तिथेच लिहा. टेबल फोटोजवळ नको. फुले वाहणारी रांग तिथे अडते आणि प्रवेश फी घेतल्यासारखे दिसते. चपला काढतात त्या बाजूला ठेवा. शक्य असेल तर संस्थेचाच माणूस पावतीपुस्तक घेऊन बसवा. नसेल तर त्याच दिवशी दोघांनी, त्यातला एक घराबाहेरचा, पाकिटे उघडून यादी करावी, दोघांनी सही करावी आणि दुसऱ्या दिवशी भरणा करावा.

दशक्रियेला माइकवरून 'अमक्यांकडून शाळेला पाच हजार एक' पुकारतात. घरच्यांनी स्वतः दिलेले खुशाल पुकारा. पाहुण्यांचे आकडे मात्र नकोत. शंभर रुपये देणाऱ्याला त्या मांडवात मान खाली घालावी लागते.

दरवर्षी व्याजातून काही व्हावे अशी इच्छा असेल तर 'ही रक्कम कायम निधीसाठी' असे देणाऱ्याने लेखी द्यावे लागते. तोंडी सांगितले तर ती चालू खर्चात जाते. आणि हिशेब आधी करा : १ लाखावर ६-७ टक्क्यांनी वर्षाला सहा-सात हजारच सुटतात. एवढ्यात एखाद्या विद्यार्थ्याची वह्या-पुस्तके होतील, वसतिगृह नाही.

परदेशातल्यांचे वेगळे. भारतीय पासपोर्ट असलेल्या भाच्याने स्वतःच्या बचतीतून पाठवले तर चालते. अमेरिकेचा पासपोर्ट घेतला असेल तर, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरी, ती विदेशी देणगी ठरते. एफसीआरए (विदेशी देणगी नियमन कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला ती घेताच येत नाही, आणि नोंदणी असली तरी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यातच यावी लागते. कुटुंबाच्या ग्रुपवर क्यूआर टाकताना हे त्याच निरोपात लिहा.