सांडव्यावर वाळूची पोती रचू नका

परतीचा पाऊस जवळ आला की खानापूर, हुक्केरी, निपाणीकडच्या कुठल्या ना कुठल्या मातीच्या तलावाच्या सांडव्यावर, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवर, पोती चढतात. फूट-दीड फूट जास्त पाणी अडलं तर खालच्या विहिरींना पाझर टिकतो, हरभऱ्या-मसुरीला एक पाणी मिळतं. गरज खरी आहे, तरीही हात जोडून सांगतो, हे करू नका.

१० मीटर रुंद सांडव्यावरून मीटरभर उंचीने पाणी गेलं तर सेकंदाला साधारण १७ घनमीटर निघून जातं. अर्धा मीटर पोती रचली की पाण्याच्या त्याच पातळीला फक्त ६ घनमीटर जातं. अर्धं नव्हे, जेमतेम तिसरा हिस्सा! उरलेलं पाणी बांधाच्या माथ्याकडे चढतं. दगडी बंधाऱ्यावरून पाणी गेलेलं चालतं. मातीचा बांध मागच्या उताराने कापत जातो आणि काही तासांत खिंडार पडतं. मासे जाऊ नयेत म्हणून ठेकेदार सांडव्यावर जाळी बांधतात, तीही केंदाळ अडकून भिंतच होते. पावसाळ्यात ती काढायलाच लावा.

पायथ्याशी ओल दिसली म्हणून बांध फुटत नाही. पाझराचं पाणी काचेच्या बाटलीत भरून तासभर ठेवा. नितळ राहिलं आणि धार वाढत नसेल तर नुसती नजर ठेवा. तळाला माती बसली तर बांध आतून पोकळ होतोय. आधी खालची वस्ती हलवा. मग धारेच्या तोंडावर जाड वाळू, तिच्यावर खडी, वर दगड टाका, म्हणजे पाणी येत राहील आणि माती अडेल. चिखल किंवा सिमेंट कोंबून तोंड बुजवलं तर पाणी शेजारून फुटतं. मोरीतून, म्हणजे बांधाखालून पाणी सोडायच्या दरवाजातून, पातळी उतरवा, पण धोका अगदी गळ्याशी आला नसेल तर हळूहळू. पाणी झपाट्याने उतरलं की आतल्या बाजूचा भिजलेला उतार घसरतो.

गाळ काढताना जेसीबी बांधाच्या पायथ्याला लावू देऊ नका. बांधावरची बाभळीची रोपं लहान असतानाच उपटा, कारण मेलेल्या मुळाच्या जागी पाण्याला आयती वाट होते. खेकड्या-घुशींची बिळंही तशीच.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात १० मीटरपेक्षा कमी उंचीची धरणं येतच नाहीत, त्यामुळे आपल्या तळ्याची तपासणी आपल्या पंचायतीनेच करायची. मे महिन्याच्या ग्रामसभेत विषय घ्या, मोरीचा दरवाजा ग्रीस लावून पूर्ण वर-खाली फिरवून बघा, आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे ते वस्तीतल्या चार घरांना तरी माहीत असू द्या.