खुलासा: हृदय उजवीकडे असलं तरी उपचार होतात

‘ज्यांचं हृदय उजवीकडे असतं त्यांचा ईसीजी निघत नाही, ऑपरेशन करता येत नाही, ती माणसं फार जगत नाहीत’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे.

हृदयासकट छाती-पोटातले सगळेच अवयव आरशातल्यासारखे उलट असणं, म्हणजे सायटस इन्व्हर्सस, साधारण १०,००० जणांत एकाला असतं. बहुतेकांना काही त्रास नसतो आणि आयुर्मानही सहसा इतरांइतकंच. कित्येकांना पत्ता लागतो तो भलत्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमुळे. (तिथेही आधी शंका येते ती फिल्म उलटी लावल्याची!)

नेहमीसारखा ईसीजी काढला तर पहिल्या लीडमध्ये (ईसीजीतल्या पहिल्या आलेखात) पी लाट, म्हणजे प्रत्येक ठोक्याची सुरुवातीची छोटी लाट, उलटी दिसते. हातांच्या वायरींची अदलाबदल करून, छातीचे इलेक्ट्रोड उजवीकडे लावून पुन्हा काढला की तो नीट वाचता येतो. पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रियाही होते. सर्जनची उभं राहायची बाजू बदलते, उजव्या हाताच्या सर्जनला ते अवघड जातं, इतकंच.

जपायचं ते निदान चुकण्यापासून. अपेंडिक्सचं दुखणं अशा माणसाला डावीकडे होऊ शकतं. म्हणून ही गोष्ट कुठल्याही डॉक्टरांना आधीच सांगावी. सोबत लहानपणापासून सर्दी-खोकला हटत नसेल तर तेही सांगावं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.