हीटेड टोबॅको: व्याख्येतली एक ओळ गेली तर सगळंच गेलं

‘सिगारेट खुलेआम विकता, मग तिच्याहून कमी घातक वस्तूवर बंदी कशाला?’ हीटेड टोबॅको म्हणजे तंबाखूची कांडी न जाळता यंत्रात तापवून ओढायची वस्तू; आयकॉस, ग्लो हे तिचे ब्रँड. भारतात तिच्यावर बंदी आहे, आणि तिच्या बाजूने हा प्रश्न सारखा डोकं वर काढतो. बिनतोड वाटतो खरा. पण आधी ती वस्तू उघडून बघू.

कांडीत तंबाखूच्या भुकटीपासून केलेला, ग्लिसरीन मिसळलेला पातळ पत्रा दुमडून भरलेला असतो. तंबाखू जेमतेम ०.३ ग्रॅम. त्यामागे पोकळ नळी, मग पॉलिमरची फिल्म, शेवटी फिल्टर. ब्लेडवाल्या (म्हणजे तापणारं पातं कांडीत घुसतं अशा) आयकॉसमध्ये कांडी खोचली की साडेतीनशे अंशांपर्यंत तापते. सहा मिनिटं किंवा चौदा झुरके झाले की यंत्र बंद. झुरका घेताना सिगारेटचं टोक ९०० अंशांपर्यंत जातं, त्यामुळे इथे कार्बन मोनॉक्साइड आणि बरीच घातक रसायनं कमी निघतात, हे मान्य. निकोटीन मात्र पुरेपूर मिळतं. शिवाय ब्लेड साफ केलं नाही तर चिकटलेली तंबाखू पुढच्या कांडीला करपते. २०१८ च्या एका प्रयोगात ही करपण दिसलीच, वर पॉलिमरच्या फिल्ममधून विषारी फॉर्माल्डिहाइड सायनोहायड्रिनही निघालं.

अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) जुलै २०२० मध्ये आयकॉसला ‘घातक रसायनांशी संपर्क कमी’ एवढंच म्हणायची मुभा दिली. ‘आजाराचा धोका कमी’ हा दावा मान्य केला नाही. दुकानात कोण हा फरक समजावून सांगतो? वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात सुरक्षिततेच्या ११ चाचण्या होत्या. सगळ्यांना पैसा तंबाखू कंपन्यांचा, आणि सिगारेट सुटते का हे एकीनेही तपासलेलं नाही.

आता कायदा. युरोपीय संघाने २३ ऑक्टोबर २०२३ पासून हीटेड टोबॅकोमधले स्वाद बंद केले. त्याच सुमाराला कंपन्यांनी रुईबॉस या झुडपाच्या पानांवर निकोटीन चढवलेल्या स्वादाच्या कांड्या आणल्या. तंबाखूच नाही, तर तंबाखूचा नियम कसा लागेल? (गुटखाबंदीनंतर पानमसाला आणि तंबाखूच्या दोन वेगळ्या पुड्या आपल्याकडे आल्या, त्याच जातीची हुशारी.)

आपल्या २०१९ च्या ई-सिगारेट बंदी कायद्यात ही पळवाट आधीच बुजवली आहे. ‘हीट नॉट बर्न’ (तापवा, जाळू नका; म्हणजे हीटेड टोबॅकोच) त्यात नाव घेऊन आहे, आणि पदार्थ तापवून ओढण्यासाठी एरोसोल (वाफेसारखा फवारा) तयार करणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण, निकोटीन असो वा नसो, स्वाद असो वा नसो, नाव आणि आकार काहीही असो, सगळं व्याख्येत बसतं. विक्री, आयात, जाहिरात केली तर पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. साठवणूक हा वेगळा गुन्हा. अंमलबजावणी ढिली आहे, ऑनलाइन आणि चोरटा माल मिळतोच. पण ती तक्रार अंमलबजावणीची आहे, व्याख्येची नव्हे. सवलत मागणारे मात्र नेमका ‘हीट नॉट बर्न’ हा शब्द काढायला सांगतात.

आणि उद्या सरकारने दार किलकिलं केलंच, तर कर वजनावर नको, कांडीवर हवा. सिगारेटमध्ये साधारण ०.७ ग्रॅम तंबाखू असते. वजनावर कर लावला की ही कांडी आपोआप निम्म्याहून कमीत सुटते. ८५ टक्के सचित्र इशारा कांड्यांच्या पाकिटावर हवाच, यंत्राच्या खोक्यावरही हवा. नाहीतर ते मोबाइलसारखं काचेच्या शोरूममध्ये मिरवेल आणि जाहिरातबंदी नुसत्या कांडीपुरती उरेल.