नाईक यशवंत घाडगे यांच्याविषयीच्या आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धात मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नाईक (सैन्यातील एक हुद्दा) यशवंत घाडगे यांच्यावरील माझ्या लेखाबाबत आपले दोन आक्षेप आहेत. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक म्हणजे इंग्रजांनी भरतीसाठी दाखवलेले आमिष होते, हा पहिला; आणि ज्या मशीनगनवर घाडगे धावून गेले तिच्यापुढे पडलेले त्यांचे सोबती केवळ हिंदी असल्यामुळे पदकाविना राहिले व मीही त्यांना वगळले, हा दुसरा.

पहिल्याबद्दल फार वाद घालत नाही. पदकांचा भरतीसाठी उपयोग होत असे, हे खरेच. परंतु १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, माणगाव तालुक्यातला तो २२ वर्षांचा तरुण सोबत कोणी उरलेले नाही हे ठाऊक असूनही धावून गेला, त्याचा अर्थ सरकारच्या हेतूवरून लावता येत नाही. हातगोळा टाकून त्यांनी मशीनगन बंद पाडली आणि तिच्यावरील एकाला टॉमी गनने टिपले. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, तेव्हा तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना हाणले. जिंकलेल्या त्याच मोर्चात छातीत व पाठीत गोळ्या लागून ते गेले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तेथे आपला रोख मला चुकीच्या दिशेने गेलेला वाटतो. त्या काळच्या ब्रिटिश नियमांत मिलिटरी मेडलसारखी मधल्या पायरीची पदके मृताला देताच येत नसत. मृतासाठी रणांगणावरील शौर्याचा एक तर व्हिक्टोरिया क्रॉस, नाही तर सेनापतीच्या खलित्यात नुसता उल्लेख. आणि ही अट गोऱ्या शिपायालाही तितकीच लागू होती. ती १९७९ पर्यंत टिकली. खुद्द व्हिक्टोरिया क्रॉसही आरंभी मृतांना मिळत नसे: १८७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील इसांडलवानाच्या लढाईत पडलेल्या दोन ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घरी तो १९०७ मध्ये, म्हणजे २८ वर्षांनी पोहोचला. उलट १८९७ मध्ये सारागढीला पडलेल्या २१ शीख शिपायांना सरसकट इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट, म्हणजे हिंदी शिपायांसाठीचे त्या वेळचे सर्वोच्च शौर्यपदक, मिळाले होते. (हिंदी शिपायांना व्हिक्टोरिया क्रॉस खुला झाला तो १९११ मध्ये, आणि तो भेदभाव होता याबद्दल आपल्यात मतभेद नाही.) आपले महावीर चक्र आणि वीर चक्र मात्र मरणोत्तरही देता येतात, ही सुधारणा मला फार मोलाची वाटते.

शिवाय शिफारशीला साक्षीदार लागतो. सेक्शनच्या सेक्शन, म्हणजे दहाएक शिपायांची अख्खी तुकडी, कापली गेली, तर कोण आधी उठला, कोणी कोणाला आड घेतले, हे सांगणारा बहुधा उरत नाही. घाडगे यांच्या प्रशस्तिपत्रात सोबत्यांविषयी एवढेच आहे, की सेक्शनप्रमुख, म्हणजे स्वतः घाडगे, वगळता सारे ठार वा जखमी झाले. नाव एकाचेही नाही.

मी वगळल्याचा आपला आरोप मात्र मान्य आहे. ‘घाडगे यांनी एकट्याने मोर्चा जिंकला’ असे मी लिहिले होते. ते वाक्य आता असे केले आहे: ‘मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या एका सेक्शनने तो मोर्चा जिंकला, शेवटची काही पावले तिच्यातला एकच जण चालू शकला.’