गळक्या छपराखालची बाटली : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया रविवारी सकाळी वाचली आणि लगेच उत्तर लिहायला बसले. चार ओळी झाल्या, पण त्या फणकाऱ्याच्या होत्या. खोडल्या. आता तीन दिवस गेलेत, डोकं निवलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

इतरांसाठी थोडक्यात सांगते. गेल्या आठवड्यात मी आमच्या छोट्या फाउंडेशनच्या यंदाच्या शाळा-अनुदानांबद्दल लिहिलं होतं. जिल्हा परिषदेच्या आणि मनपाच्या शाळांतले शिक्षक स्वतः एखादा उपक्रम सुचवतात, आम्ही त्याला १५ ते ३० हजार रुपये देतो. कुणी परसबाग करतं, कुणी कठपुतळ्या, कुणी मुलांना घेऊन नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला जातं. त्यावर सरांनी (निवृत्त मुख्याध्यापक, निम्मी नोकरी पेठ-सुरगाण्यात, म्हणजे आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या दुर्गम आदिवासी तालुक्यांत) लिहिलं : "छप्पर गळतंय आणि तुम्ही पोरांच्या हातात दुर्बीण देताय. पायाचा पत्ता नाही आणि कळस चढवताय. जे द्यायला सरकार कायद्याने बांधलेलं आहे ते तुम्ही दान म्हणून वाटता आणि सरकार मोकळं सुटतं. आणि पैसे जातात कुणाला? ज्या गुरुजींना गोड अर्ज लिहिता येतो त्यांना."

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते मला सगळ्यात जास्त लागलं. आणि ते खरं आहे.

मी सातपूरच्या एका कारखान्यात पर्चेसला २२ वर्षं काढली. तीन कोटेशन, तुलनातक्ता, सही, शिक्का. फाउंडेशनचा पहिला अर्ज मीच तयार केला आणि तो थेट पर्चेसचा अर्ज झाला : आठ पानं. उद्दिष्टे, अपेक्षित फलनिष्पत्ती, मूल्यमापन आराखडा, जीएसटीसह अंदाजपत्रक. पहिल्या वर्षी जे अर्ज आले त्यातल्या तिघांची 'अपेक्षित फलनिष्पत्ती' शब्दाला शब्द सारखी होती, आणि ते तीन शिक्षक एकमेकांना ओळखतही नव्हते. त्याच गठ्ठ्यात सुरगाण्याकडचा एक कागद होता. एकच पान, निळ्या शाईत. "आमच्या शाळेत मुले रोज सकाळी बातम्या सांगतील. माइक व स्पीकर पाहिजे. वीज असते तेव्हा सांगतील." अंदाजपत्रकाचा रकाना कोरा म्हणून तो आम्ही बाद केला. 'वीज असते तेव्हा सांगतील' हे वाक्य मला अजून तोंडपाठ आहे. इतका प्रामाणिक प्रकल्प-प्रस्ताव त्यानंतर माझ्या हाती आलेला नाही, आणि त्याच्यावर 'अपूर्ण' असा शेरा माझ्याच अक्षरात आहे.

यंदा अर्ज दोन पानांचा केला. लिहायचा नसेल तर फोनवर सांगा, आम्ही लिहून घेतो. आणि पैसे देण्याआधी दोघं जण शाळेत जाऊन येतो. तरीही बहुतेक अर्ज आले नाशिक, निफाड आणि दिंडोरी तालुक्यातून. सुरगाण्यातून एक आला. पेठमधून एकही नाही. तेव्हा हा मुद्दा तुमचा. त्यावर माझ्याकडे सफाई नाही.

आता पाया आणि कळस. इथे मात्र मी भांडणार आहे.

तुम्ही शिक्षण हक्क कायद्याचा दाखला दिलात. २००९चा कायदा, १ एप्रिल २०१०पासून लागू. त्याला जोडलेली अनुसूची आहे ना, ती तुमची प्रतिक्रिया वाचून पुन्हा काढून पाहिली. सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, दर शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, मैदान. आणि त्याच अनुसूचीत, त्याच दमात, प्रत्येक शाळेत वाचनालय, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टीची पुस्तकंसुद्धा. खेळाचं साहित्य. सहावी ते आठवीत १००च्या वर मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक. म्हणजे कायद्याने चित्रकलेला कळस मानलेलं नाही सर. छप्पर आणि गोष्टीचं पुस्तक एकाच यादीत आहे. मग 'आधी छप्पर, मग पुस्तक' ही रांग कुणी लावली? गावातल्या पोरांनी आधी छपराची वाट बघायची आणि तोवर नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या सधन घरांतल्या पोरांनी रोबोटिक्स शिकायचं, हे तुम्हालाही पटणार नाही.

छप्पर आम्ही का घालत नाही, याचं पहिलं कारण अगदी साधं : ऐपत नाही. आमच्या वर्षभराच्या सगळ्या अनुदानांची बेरीज एका वर्गखोलीलाही पुरणार नाही. दुसरं कारण तुमचंच आहे. वर्गखोल्या आम्ही बांधायला लागलो तर सरकार खरोखरच मोकळं सुटेल.

मग एवढ्याशा पैशाने होतं काय? तुम्ही मुख्याध्यापक होता, मला सांगा : शाळेत येणाऱ्या पैशातला किती पैसा असा असतो की ज्याच्याबद्दल शिक्षक म्हणू शकतो, 'यातून मला हे करून बघायचंय'? संयुक्त शाळा अनुदान, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चासाठी सरकारकडून येणारा पैसा, ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजार. त्यातले १० टक्के स्वच्छतेवर. उरलेल्यातून वीजबिल, खडू, रजिस्टरं, नळाची तोटी. बाकीच्या वस्तू वरून पुरवठा होऊन येतात, आणि शिक्षकाचा त्यातला हक्क पोच-पावतीवर सही करण्याइतका. आता सरकारचा 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम आला. दप्तर नाही, वेळ आहे. त्या वेळात करायचं काय, ते खिशातून. जिल्ह्यातल्या किती बाई आणि गुरुजी स्वतःच्या पगारातून कार्डशीट आणतात याची मोजदाद कुठल्याच पोर्टलवर नाही.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातली एक शाळा सांगते. तिथल्या बाईंनी मागितलेल्या साहित्यात ४०० पोस्टकार्डं होती. ५० पैशाला एक, म्हणजे दोनशे रुपयांची. मी पर्चेसवाली, मला वाटलं शून्य चुकलंय. फोन केला तर म्हणाल्या, "ताई, सिन्नरच्या पूर्व भागातल्या एका शाळेशी पाऊस बदलायचाय." त्र्यंबककडे धो धो पाऊस, सिन्नरचा पूर्व भाग दुष्काळी; रोजचा पाऊस मोजून आकडे पोस्टकार्डावर एकमेकांना कळवायचे. दोन्ही शाळांनी सरळ उभ्या बाटल्यांची पर्जन्यमापकं केली, पट्टी चिकटवली. हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेतं म्हणून यांचीही नोंद साडेआठलाच. शाळा भरते साडेदहाला, तेव्हा वाडीतल्या जवळच्या पोरांच्या पाळ्या लागल्या. रविवारीसुद्धा.

जुलैत एका सकाळी त्र्यंबककडून कार्ड गेलं : "बाटली भरून सांडली. किती पडला ते माहीत नाही." सिन्नरकडून उलट टपाली उत्तर आलं : "तुम्ही खोटे लिहिता. आमच्याकडे ४ मिमी." झालं! मग इकडच्या पोरांनी इभ्रतीपायी दुसऱ्या रात्री बाटली घमेल्यात ठेवली, सांडेल ते घमेल्यात जमेल म्हणून. सकाळी मोजायला बसले तर चौथीतला एक जण म्हणाला, "पण घमेल्यात तर आभाळातलंपण पडतं. सांडलेलं कोणतं आणि पडलेलं कोणतं?" बाई म्हणतात, त्या एका प्रश्नावर आमचे दोन शनिवार गेले. अखेर घमेल्याला वरून झाकण आणि झाकणाला बाटलीच्या गळ्याएवढं भोक, इथवर पोरं स्वतःहून आली. आता यात पोस्टकार्डांचे दोनशे आणि बाकीचा किरकोळ खर्च सोडला, तर खरेदी करण्यासारखं काय आहे? असला पुरवठा कुठल्याही योजनेतून वरून येणं शक्य नाही, कारण तो कुणाला सुचलाच नसता.

आणि तुमचं छप्पर. त्याच शाळेची एक खोली गळते. पोरांनी उरलेली एक बाटली गळतीखाली ठेवली आणि वहीत वेगळा रकाना आखला, 'वर्गातला पाऊस'. मी ती वही पाहिली आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका आईने तीच वही पुढे केली. या समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्यात असं कायदा म्हणतो. बऱ्याच ठिकाणी त्या सहीपुरत्या असतात, इथे त्या दिवशी तरी नव्हत्या. ठराव झाला, वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडून दुरुस्तीचं पत्र गेलं. छप्पर अजून तसंच आहे. पत्राचा आवक क्रमांक मात्र समितीच्या अध्यक्षांच्या मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलेला आहे, आणि ते दर सोमवारी फोन करतात. सरकारला मोकळं सोडणं म्हणतात ते हेच का, तुम्हीच ठरवा.

इथवर मी फार शहाणी वाटतेय, तर आता दुर्बिणीकडे येते.

तुम्ही दुर्बिणीचा उल्लेख सहज केला असेल, पण दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका कंपनीच्या सीएसआर खात्यातून, म्हणजे समाजकार्याचा पैसा सांभाळणाऱ्या खात्यातून, फोन आला. पैसे शिल्लक आहेत, ३१ मार्चच्या आत बिलं हवीत, 'काहीतरी दिसणारं' घ्या. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावेच लागतात, त्यामुळे दर मार्चला ही लगीनघाई असते. खरं तर कायद्याला ती घाई नको आहे. काम चालू प्रकल्पाचं असेल तर उरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढची तीन आर्थिक वर्षं वापरता येते. पण त्याला प्रकल्प आधीपासून चालू असावा लागतो, कागद करावे लागतात, आणि दुर्बीण मात्र एका दिवसात बिलासकट मिळते.

आम्ही घेतली. चार शाळांना चार. शाळांनी मागितल्या नव्हत्या. हार, फोटो, फीत कापणं, सगळं झालं. मागच्या महिन्यात एका शाळेत गेले तर दुर्बीण कपाटात आणि कपाटाला कुलूप. किल्ली कुठे? ज्या गुरुजींना ती चालवायला शिकवलं होतं त्यांची ऑनलाइन बदली झाली, आणि जाताना किल्ली त्यांच्या जुडग्यात गेली. मुख्याध्यापक बाई खजील होऊन म्हणाल्या, "कुलूप तोडलं असतं मॅडम, पण कपाट डेडस्टॉकला आहे." म्हणजे शाळेच्या मालमत्तेच्या नोंदवहीत; मोडतोड केली तर जाब द्यावा लागतो. मी हसले, पण हसण्यासारखं काही नव्हतं. त्या दिवशी मला कळलं की पोस्टकार्डं का चालली आणि दुर्बीण का नाही. पोस्टकार्डं बाईंनी ठरवली होती. दुर्बीण मी ठरवली होती, फेब्रुवारीत, फोनवर.

अर्थात बाईंचीही बदली होईल एक दिवस. तेव्हा पावसाच्या वहीचं काय होईल, हा प्रश्न मी स्वतःला विचारते आणि उत्तर टाळते. सिन्नरच्या शाळेत हे काम आता एका पालकाने अंगावर घेतलंय, एवढाच काय तो दिलासा.

देणगीदारांना शाळेवर आपल्या नावाची पाटी हवी असते, असाही टोमणा तुम्ही त्याच प्रतिक्रियेत मारलात. २०२३च्या सप्टेंबरमध्ये दत्तक शाळांचा शासन निर्णय आला. ग्रामीण भागात पाच वर्षांसाठी ५० लाखांचं साहाय्य केलं की शाळेच्या नावाला देणगीदाराचं नाव जोडता येतं. मला ते तेव्हाही रुचलं नाही, आजही रुचत नाही. पण आमचे हातही स्वच्छ नाहीत. पहिल्या वर्षी वाचनालयासाठी दिलेल्या पुस्तकांवर आम्ही फाउंडेशनचे स्टिकर लावले होते, नेमके मुखपृष्ठावर. एका पुस्तकावर वाघाचं तोंडच झाकलं गेलं. दुसरीतल्या मुलीने नखाने खरवडून खरवडून अर्धा वाघ मोकळा केला होता. ते पुस्तक मी बदलून मागितलं आणि घरी ठेवून घेतलंय. आता स्टिकर नाही, पाटी नाही, चेक देतानाचा फोटो नाही. यामुळे एक देणगीदार गेले. जाऊ दे.

आता एक विनंती. पुढच्या अर्जांची छाननी जूनच्या दुसऱ्या शनिवारी आहे, रविवार कारंज्याजवळ आमच्या खजिनदारांच्या घरी, दुपारी तीनला. तुम्ही याल का? चहा मिळेल, मानधन नाही. पेठमधून अर्ज का येत नाहीत हे आमच्यातल्या कुणाला ठाऊक नाही, आणि तुम्ही तिथल्या केंद्रप्रमुखांना नावानिशी ओळखता. भांडायला आलात तरी चालेल. सुरगाण्याचा तो निळ्या शाईतला कागद मी फायलीतून काढून ठेवलाय. शाळेचं नाव त्यावर आहे, गुरुजी अजून तिथेच आहेत का, एवढं जरी तुम्ही शोधून दिलंत तर माइक आणि स्पीकर यंदा जाईल. वीज असते तेव्हा.