फ्यूज उडतोय म्हणून मोठा फ्यूज? गाडी पेटेल, मामा!

'गाडीखालची तुटलेली वायरिंग दहा मिनिटांत घरीच जोडा' हा मेसेज सोलापुरातले ग्रुप पालथे घालून आता मामांपर्यंत पोचलाय, आणि मामांनी ३० अँपिअरचा हिरवा फ्यूज आणूनसुद्धा ठेवलाय. म्हणून आधी तेच.

'फ्यूज सारखा उडतो? मोठा टाका.' अहो, उडतोय म्हणजे बहुतेक सोललेली वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय! फ्यूज असतो वायर वाचवायला. आयएसओ ६७२२ या मानकानुसार ०.७५ चौरस मिमी वायरीचा रोध मीटरमागे जास्तीत जास्त २४.७ मिलिओहम. त्या हिशेबाने लाल फ्यूजच्या १० अँपिअरला मीटरमागे अडीच वॉट उष्णता होते, हिरव्याच्या ३० ला बावीस. नऊपट! आणि ती वायर एकटी नसते, जुडग्यात असते. तिचं आवरण वितळलं की शेजारचीही शॉर्ट होते, आणि पेट्रोलची नळीही बऱ्याच गाड्यांत खालूनच जाते. लाल उडाला तर लालच टाकायचा, तोही दोष सापडल्यावर.

'पीळ मारा, काळी टेप गुंडाळा.' आपल्याकडच्या मे महिन्यात टेपचा गोंद पाघळतो, पावसाळ्यात चिखलाचं पाणी आत शिरतं आणि तांबं हिरवं पडतं. नीट करायचं तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. चकचकीत तांबं दिसेपर्यंत वायर मागे कापा. कमी पडली तर त्याच जाडीचा तुकडा घाला. आतून गोंद असलेली हीट श्रिंक ट्यूब (तापवली की आवळणारी नळी) आधीच ओवून ठेवा, नंतर आठवून उपयोग नाही. मग टोकं सोलून बट कनेक्टरमध्ये (दोन टोकं जोडायच्या धातूच्या नळीत) क्रिंप करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा, ओढून बघा, ट्यूब तापवा. दोन्ही तोंडांतून गोंद डोकावला पाहिजे. नुसतं सोल्डर नको. ते संपतं तिथे वायर ताठ होते आणि हादऱ्यांनी तिथेच तुटते.

'डिकीतला जॅक पुरतो.' तो चाक बदलायला. काळ्या मातीत रुतून कलंडतो. काँक्रीटवर जॅक स्टँड (गाडी पेलणारे पक्के टेकू) लावल्याशिवाय गाडीखाली शिरायचं नाही.

'गॅरेजची गरजच नाही.' नंबर प्लेटचा दिवा, रिव्हर्स लाइट घरी होतात, एवढं मान्य. एबीएस (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) सेन्सरची एकमेकींना पीळ दिलेली वायरींची जोडी जाणकाराकडे द्या. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी केबलला हातही लावू नका.

जोडलेली वायर नालीदार पाइपात घालून, सायलेन्सरपासून लांब, जुन्याच क्लिपांत बसवा. फ्यूज परत उडाला तर बहुतेक अजून एक जागा टेकतेय, ती शोधा.